काळं तेल, निळा धूर आणि लाल दिवा

या सदरात लोणच्याच्या बुरशीपासून भिंतीच्या ओलीपर्यंत सगळं झालं, पण गाडीच्या इंजिनात आपण अजून डोकावलो नव्हतो. गडचिरोलीच्या एका भगिनीच्या पत्रानं तो योग आणला.

यजमान एटापल्लीकडे नोकरीला, घरी येतात ते शनिवार-रविवार. दारात २००९ सालची मारुती ८००, पंधरा वर्षं उलटल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. आईच्या औषधपाण्यासाठी त्यांना दर पंधरवड्याला चंद्रपूरला जावं लागतं आणि गाडी त्या स्वतः चालवतात. सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर येतो, मिनिटाभरात नाहीसा होतो. दुपारच्या उन्हातून गावात शिरलं आणि फाटकाशी थांबलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. मिस्त्रींनी पट्टी काढून काळंभोर तेल दाखवलं आणि सांगितलं, ‘ताई, इंजिन उतरवावं लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून यजमान म्हणतात, गाडी विकून टाकू. बाई विचारतात, ‘मग आईला नेऊ कशी? आणि मिस्त्री खरं सांगतोय की नाही, हे मला कसं कळावं?’

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. शेवटची मारुती ८०० कारखान्यातून २०१४ साली बाहेर पडली, त्याच वर्षी अ‍ॅम्बॅसॅडरही थांबली, पण आपल्या गावांत जुन्या गाड्या अजून इमानेइतबारे चालताहेत. नवी घेणं सगळ्यांना कुठे परवडतं? तेव्हा आज जरा सविस्तर लिहिते.

आधी तेलाचं काम काय ते पाहू. बैलगाडीच्या आसाला ओंगण घालतात, ते नसलं की चाक किरकिरतं आणि आस झिजतो. इंजिनाचंही तेच, फक्त इथे लोखंडी दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये पंपानं दाबून सोडलेल्या तेलाचा पातळ पापुद्रा असतो. दांडा खरं म्हणजे त्या तेलावर तरंगत फिरतो. पापुद्रा तुटला की धातूवर धातू घासतो, आणि बेअरिंग जळायला तास लागत नाही, एखाद-दोन मिनिटं पुरतात. याशिवाय तेल आतली उष्णता वाहून नेतं, काजळी आणि कचरा पोटात घेतं. म्हणून ते काळं होतं.

होय, काळं होणं हा तेलाचा धर्मच आहे. घासणीनं भांडं घासल्यावर घासणी काळी होणारच. डिझेल गाडीत तर नवं तेल घालून शंभर किलोमीटर जायच्या आतच ते शाईसारखं दिसतं. पेट्रोल गाडीत मधासारखं तेल हळूहळू तपकिरी आणि मग काळं होतं. गॅसवर चालणाऱ्या ओम्नीत उलट प्रकार, तेल कितीतरी दिवस स्वच्छ दिसतं, पण कस गेलेला असतो. तेव्हा नुसता रंग दाखवून कोणी इंजिन उतरवायला सांगत असेल, तर आपण शांतपणे विचारावं, ‘तेल कधी बदललं होतं, ते तरी बघा.’ पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, हा जुन्या गाडीचा हिशेब मला बरा वाटतो. गाडी अंगणात उभी राहिली तरी तेल म्हातारं होतच असतं.

आता पट्टी पाहायची कशी? सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर. आपली अंगणं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उताराची असतात, तिथे पट्टी खोटं बोलते. गाडी चालवून आणली असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबावं, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. पट्टी उपसावी, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यानं पुसावी (टेरिकॉटनं तेल नीट टिपलं जात नाही आणि पंच्याचे धागे आत जातात), पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग बाहेर काढून वाचावी. पहिल्यांदा काढलेली पट्टी वाचणाऱ्या पुष्कळ आहेत, ती वाचून काही उपयोग नाही. दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असलं म्हणजे ठीक. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये जवळजवळ लिटरभराचं अंतर असतं, म्हणून घालताना थोडं थोडं घालावं आणि दर वेळी पाहावं. वरची खूण ओलांडून भरलेलं तेल फेसाळतं, सील ढकलून बाहेर येतं. जास्तीनं इथेही अजीर्णच होतं.

हे आठवड्यातून एकदा. आणि किराण्याच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखा : तारीख, मीटरचा आकडा, किती तेल घातलं. ही वही गॅरेजमध्ये दाखवली की बोलणंच बदलतं. ‘बाईसाहेब, गाडी तेल खाते’ याला काही अर्थ नसतो. किती किलोमीटरला किती खाते? हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर तेल घेणारं जुनं इंजिन घालत घालत वर्षानुवर्षं वापरता येतं. हजाराला लिटर जायला लागलं की मात्र कारण शोधायलाच हवं.

तेल कमी होतं ते दोनच वाटांनी, गळून किंवा जळून. गळती शोधायला रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा पसरावा. सकाळी तपकिरी-काळा, बोटाला बुळबुळीत डाग दिसला तर तो इंजिनचा. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा डाग रेडिएटरचा. एसी लावून आल्यावर पडलेलं नुसतं स्वच्छ पाणी असेल तर चिंता नको. इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, रबर कडक झालं की तेल बाजूनं ओघळतं, आणि तापलेल्या नळीवर पडलं की गाडीत करपट वास येतो. हे काम स्वस्तातलं. तेल बदलताना खालच्या बोल्टाचं वॉशर बदललं नाही तर तिथूनही थेंब थेंब सुरू होतं, तेव्हा ते मागून घ्यावं, दोन-पाच रुपयांची वस्तू असते.

जंगलपट्ट्यातल्या भगिनींसाठी एक वेगळी सूचना. आलापल्लीहून भामरागड किंवा सिरोंच्याकडे जाताना, किंवा कुठल्याही उखडलेल्या रस्त्यावर, खाली दगड ‘खण्ण’ करून लागला तर तसंच पुढे जाऊ नका. इंजिनचं तेल ज्या पत्र्याच्या भांड्यात असतं, मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात, ते सगळ्यांत खाली लोंबतं. थोडं पुढे सुरक्षित जागी थांबून मागच्या रस्त्यावर तेलाची रेघ आली आहे का पाहावं. चेंबरला चीर गेली असेल तर काही किलोमीटरांत सगळं तेल रस्त्यावर जातं, आणि त्या भागात गॅरेज दूर, फोनची रेंजही येते-जाते.

जळणाऱ्या तेलाची खबर धूर देतो. इथेच आपल्या पत्रलेखिकेचा प्रश्न सुटण्याची शक्यता आहे, म्हणून नीट वाचा. थंडीच्या सकाळी मागून निघणारी पांढरी वाफ गाडी तापल्यावर जात असेल, तर तो नुसता दमटपणा. काळा धूर म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय, तेलाशी त्याचा संबंध नाही. निळसर धूर आणि फोडणी करपल्यासारखा वास म्हणजे तेल जळतंय. पण कधी येतो, ते पाहा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच भपकारा येतो आणि मिनिटाभरात थांबतो, तर बहुधा वरच्या वॉल्वची रबरी सीलं कडक झालेली असतात. रात्री त्यांतून तेल ठिबकून खाली साचतं आणि सकाळी तेवढंच जळतं. गाडी चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर लावला की मागे निळा पडदा धरत असेल, गाडीची ताकदही कमी वाटत असेल, तेल भराभर उतरत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असं समजावं.

या दोन दुखण्यांत सर्दी आणि न्यूमोनियाइतका फरक आहे. सीलं काही हजारांत बदलून होतात. रिंगांसाठी इंजिन उतरवावं लागतं, उघडावं लागतं, बोअर झिजलं असलं तर लेथवर पाठवावं लागतं, आणि ते बिल किती तरी पट असतं. खात्री करायची साधी रीत आहे, तिला कंप्रेशन टेस्ट म्हणतात. प्लग काढून त्या जागी मीटर लावतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. मारुती ८०० ला सिलिंडर तीनच, अर्ध्या तासाचं काम. दाब कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. तेलानं दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर दोष वॉल्वकडे किंवा गॅस्केटकडे. आणि तिन्हींचा दाब आधीच चांगला असेल, तर निव्वळ सकाळच्या धुरासाठी इंजिन उतरवायचं कारण नाही. ही टेस्ट केल्याशिवाय ‘इंजिन काम’ला होकार देऊ नये, हे माझं ठाम मत. चांगला मिस्त्री या प्रश्नानं रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडून निघून यावं.

रिंगा झिजतात कशानं, तर आपल्याकडे बव्हंशी धुळीनं. घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूरकडची कोळशाची भुकटी तुम्ही रोज ओट्यावरून पुसता. तीच हवेबरोबर इंजिनात जाते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून धावतात, तिथली लाल धूळही तशीच. ती अडवायला एअर फिल्टर असतो, कागदाच्या घड्यांचा. तो भरला की गाडी ओढत नाही, मग कोणी शहाणा म्हणतो, ‘काढून टाका, पिकअप येईल.’ पिकअप येतो, आणि धुळीची बारीक रेती तेलात मिसळून इंजिन पॉलिशपेपरसारखं घासत राहते. फिल्टर महिन्याला झटकावा, जास्तच मळला तर नवा घ्यावा. तेलाचा फिल्टरही दर तेलबदलाला नवाच. जुना धुऊन लावणं म्हणजे अंघोळ करून मळकेच कपडे घालणं.

आता दुसरं टोक : तेल कमी व्हायच्या ऐवजी बिघडलं तर? पट्टीवरचं तेल दुधाळ, चहासारखं दिसलं म्हणजे आत पाणी शिरलं. पण इथेही घाई नको. आषाढ-श्रावणात गाडी फक्त शाळा, भाजीबाजार, बँक अशी दोन-दोन किलोमीटर फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा बाहेर पडत नाही, आणि तेल घालायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर जमतो. तो फक्त झाकणाला असेल, पट्टीवरचं तेल ठीक असेल, तर पुसून घ्या आणि गाडी एकदा चंद्रपूरहून भद्रावतीपर्यंत नेऊन आणा. थर पुन्हा धरला नाही तर विषय संपला. पट्टीवरचंही तेल दुधाळ, रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी दर आठवड्याला कमी, त्यावर तेलकट तवंग, अशी लक्षणं एकत्र दिसली तर हेड गॅस्केट गेलं असं धरावं आणि गाडी ओढूनच न्यावी. तसं तेल वंगणाचं काम करत नाही.

शंका असेल तर स्वयंपाकघरातली युक्ती आहे, पण स्वयंपाकघरात करायची नाही. अंगणात पत्र्याचा जुना तुकडा चांगला तापवावा, आचेवरून बाजूला घ्यावा आणि पट्टीवरचा एकच थेंब त्यावर सोडावा, तोंड लांब ठेवून. शुद्ध तेल गपगुमान पसरतं. पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ही तर वेगळीच गोष्ट. २०२२ च्या जुलैत इरईचं पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरसारख्या वस्त्यांत शिरलं होतं. अशा वेळी पाणी ओसरल्यावर उत्साहानं किल्ली फिरवणं हाच घात. आधी तेल पूर्ण काढायचं, हवेचा फिल्टर आणि प्लग उघडून पाहायचं, मगच इंजिन फिरवायचं.

पट्टीवर तेल घातल्याशिवायच वाढलेलं दिसलं, आणि नाकाजवळ नेल्यावर पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल तेलात उतरतंय. तेल ताकासारखं पातळ होतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे जास्त. तेल बदलून भागत नाही, मूळ दोष काढावा लागतो.

आता लाल दिवा, झारीच्या चित्राचा. बहुतेकींची समजूत अशी, की तेल कमी झालं की तो लागतो. तो तेलाचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. पातळी अर्ध्यावर आली तरी तो गप्प बसतो, आणि लागतो तेव्हा पंपाच्या तोंडाशी तेल पोचेनासं झालेलं असतं. वळणावर किंवा ब्रेक लावताना क्षणभर चमकला तर तेल फार उतरलंय, लगेच पट्टी पाहा. चालत्या गाडीत लागून राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद, त्याच क्षणी. ‘एवढं मूलपर्यंत जाऊ’ हा विचार इंजिन खाऊन टाकतो. आणि एक तपासणी रोजची : किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत बल्ब गेलेला असतो किंवा वायर तुटलेली असते, आणि आपण खुशाल समजतो की दिवा लागत नाही म्हणजे सगळं छान.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर लोहारा ते केळझर या जंगलात संध्याकाळी दिवा लागला तर? तरीही इंजिन बंदच करायचं. पण खाली उतरून बॉनेट उघडत बसायचं नाही. तो वाघाचा मुलूख आहे. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चालू ठेवावे, काचा वर घ्याव्या, एसटी किंवा ट्रक येईल त्याला आतूनच दिवे दाखवून थांबवावं, आणि माणसं सोबत असताना मगच पट्टी. डिकीत लिटरभर त्याच जातीचं सीलबंद तेल, एक नरसाळं आणि फडकं कायम असावं.

आमच्या भगिनीचा दिवा लुकलुकतो तो गाडी तापून उभी असतानाच. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा पंपही सावकाश, आणि तेल उन्हानं पातळ झालेलं. पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या नवतपात तर हे फारच दिसतं. कारणं स्वस्तापासून महागापर्यंत अशी तपासावी : पातळी कमी आहे का, तेल जुनं किंवा चुकीच्या जातीचं आहे का, दिव्याचा स्विच बिघडलाय का, चेंबरमधली जाळी गाळानं चोंदली आहे का, आणि शेवटी बेअरिंग झिजलंय का. डब्यावरच्या आकड्यांत ‘डब्ल्यू’च्या आधीचा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावर तेल किती दाट राहतं ते. नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० जुन्या इंजिनात घातलं तर उन्हाळ्यात दिवा लुकलुकेलच. गाडीच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालेल असं असेल तर उन्हाळ्यासाठी ते घ्यावं. धूर आणि आवाज लपवण्यासाठी तेलात घट्ट औषध ओतणारे भेटतील. गाडी विकण्याआधी ते करतात, हे जुनी गाडी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, आणि गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावं.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. उद्या सकाळी पट्टी. तेल कमी असेल तर भरा, जुनं असेल तर फिल्टरसह बदला. मग दिवा लुकलुकतो का ते गावातल्या गावात पाहा. तरीही लुकलुकला तर स्विचच्या जागी दाबाचं मीटर लावून मोजायला सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे. दाब बरा असेल तर स्विच बदला आणि मोकळ्या व्हा. दाब खरंच कमी निघाला, इंजिनातून खालच्या बाजूनं जड ठोका येत असला, तर मात्र मिस्त्री म्हणतात ते खरं. सकाळच्या धुराचं वर्णन वॉल्व सीलांचं वाटतं, पण कंप्रेशन मोजून घ्याच. आणि या दिव्याचा निकाल लागेपर्यंत आईला एसटीनं न्या. व्याहाड, सावली, मूल हा रस्ता आजारी माणूस शेजारी बसवून, लुकलुकत्या दिव्याच्या भरवशावर करायचा नाही. यजमानांना सांगा, गाडी विकायचा विचार मीटरचा आकडा कळल्यावर करू.

जाता जाता, काढलेलं जुनं तेल कुठे टाकायचं असं दोघींनी विचारलं आहे. नालीत, विहिरीजवळ, परसात मुळीच नाही, थोडंसं तेलही पुष्कळ पाणी नासवतं. चूल पेटवायलाही नको, तो धूर विषारी असतो. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच परत द्यावं, त्यांच्याकडून जुनं तेल गोळा करणारे घेऊन जातात. आणि नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र भोक पाडूनच भंगारात टाकावा, नाहीतर तोच डबा भेसळीच्या तेलानं भरून पुन्हा बाजारात येतो.